३० बाय ५० च्या प्लॉटवर नक्की किती बांधता येतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला मंजूर लेआउटमधला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, समोर साडेसात मीटरचा कॉलनी रोड जो नऊ मीटर होणार आहे, आईवडिलांसाठी घर बांधायचंय, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की १.१ एफएसआय आहे म्हणजे पूर्ण पंधराशे फुटाचा स्लॅब टाकता येतो, वर अजून थोडं मिळतं, शिवाय दीडशे चौरस मीटरच्या आतला प्लॉट असल्याने परवानगीच लागत नाही. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकी त्याने तुम्हाला जे सांगितलंय त्यावर विसंबून एक वीटसुद्धा आणू नका. मी याच कामात आहे, नकाशे काढणं आणि मंजूर करून घेणं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. छोट्या प्लॉटवर तुमचे हात एफएसआय बांधत नाही, मार्जिन बांधतं. एफएसआय म्हणजे सगळे मजले मिळून प्लॉटच्या किती पट बांधायचं, आणि मार्जिन म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, त्यावरून ते प्लॉटवर कुठे बांधायचं हे ठरतं. लोक पहिला आकडा ऐकतात आणि दुसरा विचारतच नाहीत, आणि कॉन्ट्रॅक्टरला स्क्वेअर फुटाचा रेट मिळतो त्यामुळे तो स्वतःहून सांगत नाही.

तर आता तुमच्याच प्लॉटवर मांडून बघू. महाराष्ट्रात मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून बाकी बहुतेक सगळीकडे डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, नाशिकलाही तीच. (मुंबईची स्वतःची वेगळी आहे, त्यामुळे तुमच्या मुंबईच्या मामांचा अनुभव इथे चालणार नाही.) त्यात १५ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरच्या साध्या बंगल्याला समोरून ३ मीटर, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर आणि मागून दीड मीटर सोडायचं असतं. फुटात धरा दहा, पाच, पाच, पाच. रुंदी ३० मधून १० गेले, राहिले २०. खोली ५० मधून समोरचे १० आणि मागचे ५ गेले, राहिले ३५. पण थांबा, तुमचा रस्ता साडेसातचा नऊ होणार आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून पाऊण-पाऊण मीटर जाणार, आणि समोरचं मार्जिन त्या नव्या रेषेपासून मोजायचं, आजच्या कंपाउंडपासून नाही. अजून अडीच फूट गेले. म्हणजे तुमच्या हातात जी चौकट उरली ती साधारण २० बाय साडेबत्तीस, साडेसहाशे स्क्वेअर फूट. पंधराशे नाही. साडेसहाशे.

आता एफएसआय बघा. १.१ ने पंधराशेचे झाले १६५०, आणि रस्त्याला जी पट्टी देताय तिचा एफएसआय तुम्हाला मिळतो, तो जात नाही. साडेसहाशेचे दोन मजले म्हणजे १३००. बेसिक एफएसआयसुद्धा संपला नाही! तिसरा मजला घेतलात तर १९५०, मग १६५० च्या वरचे जे ३०० आहेत ते अ‍ॅन्सिलरी म्हणजे जादा, पूरक एफएसआयमधून घ्यायचे, निवासी बांधकामाला तो बेसिकच्या ६० टक्क्यांपर्यंत मिळतो पण त्याचा प्रीमियम भरावा लागतो. म्हणजे आईवडील, तुम्ही आणि सुट्टीत येणारी मुलं एवढ्यांसाठी ग्राउंड प्लस वन बांधलंत तर प्रीमियमचा विषयच येत नाही. टीडीआर (दुसऱ्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) वगैरे जे कॉन्ट्रॅक्टर बोलतोय ते नऊ मीटर आणि त्यापुढच्या रस्त्यांवर मिळतं, नऊ मीटरला सगळं धरून एफएसआय दोनपर्यंत जातो, पण ते अपार्टमेंटवाल्यांचं गणित आहे, तुम्हाला त्यात पडायची गरज नाही.

अजून एक, एफएसआयमध्ये काय धरतात. आता पी-लाईन असते, म्हणजे मजल्याची बाहेरची कड धरून आतलं सगळं मोजतात, बाल्कनी, कपाटाची जागा, जिना, सगळं. नाशिककरांना कपाटाचा प्रश्न आठवत असेलच, कपाटांची जागा एफएसआयमध्ये धरायची की नाही यावरून कितीतरी बिल्डिंगांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते आणि लोक हप्ते भरत बसले होते. पी-लाईनने तो घोळ तरी मिटवला. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे घर खांबांवर उचलून खाली मोकळी ठेवलेली गाडीची जागा, मात्र एफएसआयमध्ये धरत नाहीत.

पण तुमच्याकडे स्टिल्ट करू नका असं मला मनापासून वाटतं. वडिलांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय, त्यांची खोली आणि एक नीट बाथरूम तळमजल्यावरच हवं. मग गाडी कुठे? बाजूच्या पाच फुटात गाडी जात नाही. बरेच जण म्हणतात एका बाजूला दहा फूट सोडू, पण मग २० ची रुंदी १५ होते आणि घर बोळासारखं लांबट होतं, मधल्या खोलीत दिवसा लाईट लावावी लागते. त्यापेक्षा समोरचं जे दहा फुटी मार्जिन आहे त्यात गाडी रस्त्याला समांतर उभी करा, तिथे ३० फूट लांबी आहे, गाडी राहून बाजूला गेटची वाट आरामात राहते. फक्त गेट सरकतं आणि रुंद घ्या, आणि जोत्याच्या पायऱ्या त्याच जागेत येऊ देऊ नका, नाहीतर दार उघडायला जागा राहत नाही. ही गोष्ट नकाशावर कागदाची गाडी कापून ठेवून बघा, तुमच्या इंजिनिअरला सांगितलंत तर तो स्केलला काढून देईल.

मार्जिनमध्ये काय चालतं तेही तुम्ही विचारलंय. कंपाउंड वॉल, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजच्या चेंबर हे चालतं. खिडकीवरचा छज्जा पाऊण मीटरपर्यंत चालतो. बाजूच्या पाच फुटात बाल्कनी, पत्र्याची शेड, धुण्याची खोली, वर जाणारा लोखंडी जिना, हे काढू नका. लोखंडी जिना सगळेच काढतात हे मला माहीत आहे. सगळे काढतात म्हणून ते मंजूर होत नाही.

आणि हे पाच फूट वाया जात नाहीत हो ताई. मला याबद्दल खरंच कळकळ वाटते. माझ्याच ओळखीच्या एका घरी शेजाऱ्याने अगदी हद्दीवर भिंत चढवली, मग बाहेरून प्लास्टर करायला परांची बांधायला जागाच नाही, ती भिंत तशीच उघड्या विटांची राहिली. पावसाळ्यात तिचं पाणी दोन्ही घरांत मुरतं, आतून कितीही पुट्टी मारा, ऑगस्टमध्ये पोपडे येतातच. ड्रेनेज तुंबलं तर माणूस आत जाणार कुठून? आणि बेडरूमच्या खिडकीला हवा येणार कुठून? म्हातारी माणसं दिवसाचे चोवीस तास त्याच घरात असतात, त्यांना याचा त्रास आपल्यापेक्षा जास्त होतो.

आता ते परवानगीचं अर्धसत्य. तुमचा प्लॉट १३९ चौरस मीटरचा, आणि १५० पर्यंतच्या प्लॉटला सोपी पद्धत आहे हे खरं. पण सोपी म्हणजे काय तर मालकीचे कागद, नियमानुसार काढलेला नकाशा, बांधकाम नियमात आहे असा आर्किटेक्ट किंवा लायसन्स इंजिनिअरचा दाखला, आणि शुल्क भरून महापालिकेत द्यायचं, त्याची पोच हीच परवानगी धरतात. मजल्यांच्या वगैरे अटी त्यालाही आहेत. १५० ते ३०० ला दहा दिवसांत मंजुरीची तरतूद आहे. नियम मात्र दोघांनाही तेच. उलट इथे आधी कोणी तपासत नाही म्हणून सगळी जोखीम तुमच्यावर येते. मार्जिनमध्ये बांधलं आणि तक्रार झाली तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते, आणि महापालिका अधिनियमातल्या २६७ अ खाली अनधिकृत बांधकामाला दुप्पट घरपट्टीची शास्ती लागू शकते. पुढे विकताना किंवा लोन काढताना बँकेचा माणूस टेप घेऊन येतो ते वेगळंच. आणि या सगळ्यात कॉन्ट्रॅक्टरचं नाव कुठेच नसतं, सगळी कागदं वडिलांच्या नावाने.

समजा खरंच काही अडचण असेल, म्हणजे प्लॉट तिरका असेल किंवा एका टोकाला निमुळता होत असेल, तर मार्जिनमध्ये सवलत देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, त्यासाठी हार्डशिप म्हणजे खरी अडचण दाखवावी लागते. ते बांधायच्या आधी मागायचं असतं. तुमचा प्लॉट चौकोनी आहे त्यामुळे त्याची गरज पडेल असं वाटत नाही. शेजारी चुलतभाऊ आहे तर एक भिंत जोडून घेऊ असं घरातलं कोणी म्हणत असेल तर लेआउट त्या पद्धतीने मंजूर आहे का ते आधी बघा, दोघांच्या संमतीने आपोआप होत नाही ते.

आता क्रम सांगते. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज लगेच टाका, कारण तारीख मिळायला वेळ लागतो, आणि मोजणी नसताना आखलेली पाच फुटांची रेष शेजाऱ्याच्या कंपाउंडवर अवलंबून असते, ते कंपाउंडच कधीकधी फूटभर आत आलेलं असतं. सोबत मंजूर लेआउटची प्रत आणि डीपी रिमार्क (शहराच्या विकास आराखड्यातला तुमच्या प्लॉटबद्दलचा शेरा) काढा, त्यात रस्त्याची रुंदी लिहून मिळते. मग इंजिनिअर तुम्ही स्वतः नेमा, कॉन्ट्रॅक्टरने आणलेला नको. नियमावलीत मधूनमधून दुरुस्त्या होतात, तर मार्जिनच्या तक्त्याची ताजी प्रत घेऊनच नकाशा काढायला सांगा. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या करारात लाईन आउट (जमिनीवर चुन्याने पायाची आखणी) मोजणीच्या खुणांवरून होईल, आणि चौकटीबाहेर गेलेलं काम तो स्वतःच्या खर्चाने काढेल, हे एक कलम घालून घ्या. लाईन आउटच्या दिवशी चुना पडेल तेव्हा तुम्ही किंवा तुमचा इंजिनिअर टेप घेऊन तिथे हजर राहा, खड्डे खणायच्या आधी चारही बाजू मोजा. मोजणीची प्रत हातात आली की इथे मापं टाका, चौकट कशी बसते ते मी बघून सांगते.