संथ वाढणाऱ्या जाती आणि घाईचा निर्णय

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. पशुविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षात असलेली आपली कन्या शिक्षण सोडून घरच्या लहानशा शेतावर डुकरांच्या व कोंबड्यांच्या जुन्या, दुर्मीळ होत चाललेल्या जाती पाळू इच्छिते. याला व्यवसाय म्हणावे की हौस, असे आपण विचारले आहे. हा व्यवसाय निश्चितच आहे, मात्र तो मांसविक्रेत्याचा कमी आणि पैदासकाराचा अधिक आहे. हा फरक तिला उमगला आहे की नाही, ते आपल्या पत्रावरून कळत नाही.

ब्रॉयलर कोंबडी सहा-सात आठवड्यांत विक्रीला येते, तर जुन्या जातींना किमान १६ आठवडे द्यावे लागतात. टॅमवर्थ किंवा लार्ज ब्लॅक या जुन्या जातींच्या डुकरांचेही तसेच. व्यापारी संकरापेक्षा त्यांना काही महिने अधिक लागतात. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्याने, हे मांस नेहमीच्या बाजारभावाने विकणाऱ्याचे गणित जुळत नाही, म्हणून वेगळा दर देणारे ग्राहक जनावरांच्या आधी शोधावे लागतात.

पण खरी कसोटी पैदाशीची आहे. लिंकनशायर कर्ली कोट ही ब्रिटनमधील डुकरांची जात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नामशेष झाली, कारण ती पाळणारेच उरले नाहीत. अशी जात टिकवायची तर एक नर आणि त्याच्याच दोन-तीन माद्या एवढ्यावर भागत नाही. दोन पिढ्यांत सारा कळप एकमेकांचा सख्खा होतो, वेतातली पिल्ले घटतात आणि अशक्त निपजतात. त्यामुळे बाहेरचा नर आणणे, प्रत्येक जनावराच्या आई-बापांची नोंद ठेवणे, आणि डुकरिणीला नर दाखवल्याच्या तारखेपासून सुमारे ११४ दिवस मोजून विण्याची तयारी करणे, ही कामे रोजची होतात. कोंबड्यांत हे सोपे आहे. जुन्या जातींच्या कोंबड्या बहुधा अजूनही खुडूक बसतात आणि २१ दिवसांत पिल्ले काढतात. परंतु त्यांतली जवळपास निम्मी नर असतात, त्यांतले एक-दोनच राखायचे आणि उरलेले कापायचे असतात. प्राण्यांवरचे प्रेम एवढ्याने माणूस या कामात टिकत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. तिने एकदा कत्तलीच्या वेळी स्वतः हजर राहावे.

डुकरे आणि कोंबड्या एकाच आवारात ठेवू नयेत, कारण डुकराला पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, अशा दोन्ही इन्फ्लुएंझांची लागण होऊ शकते. शिवाय डुकरे कोंबड्यांची पिल्ले खातात. मांसाचा अंश असलेले उष्टे डुकरांना घालू नये, कारण त्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग पसरू शकतो. हे सारे ज्या विषयांत शिकवतात, नेमके तेच शिक्षण ती सोडू पाहते आहे, याचे मला नवल वाटते.

तिला अडवू नका, पण पदवी पूर्ण करू द्या. दरम्यान एक कोंबडा आणि आठ-दहा कोंबड्या आणून वर्षभर नोंदवही ठेवावी. दुसऱ्या वर्षी दूध तुटलेली डुकरांची दोन पिल्ले विकत आणून वाढवावीत. पैदाशीची डुकरीण त्यानंतरच. पहिले वर्ष संपले की ती वही घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. कोणता कोंबडा राखला आणि बाकीचे का काढले, हे तीत लिहिलेले सापडले, तर पुढच्या टप्प्याचा हिशेब आपण एकत्र बसून करू.