हवामानाचा कायदा आणि लोकांचे मत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशांतील हवामानविषयक कायदे, त्यांचे स्वागत आणि त्यांना झालेला विरोध यांविषयी सीमाभागातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. काही पत्रांतील प्रश्न एकसारखे असल्यामुळे ते एकत्र करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत २०२२ मध्ये हवामान बदलावरचा मोठा कायदा झाला तेव्हा सर्वत्र आनंद व्यक्त झाल्याचे वाचले होते. तीनच वर्षांत त्यातील बराचसा भाग रद्द झाला. लोकांना हवा असलेला कायदा इतक्या लवकर नकोसा कसा होतो?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

आनंद सर्वत्र नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ या नावाचा तो कायदा सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशा बरोबरीनंतर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने मंजूर झाला आणि प्रतिनिधीगृहात त्याला २२० विरुद्ध २०७ मते पडली. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने दोन्ही सभागृहांत त्याला पाठिंबा दिला नाही. स्वच्छ ऊर्जा आणि हवामान यांसाठी सुमारे ३६,९०० कोटी डॉलरची तरतूद असलेल्या या कायद्याचे पर्यावरणवादी संघटनांनी स्वागत केले. परंतु समुद्रातील पवनऊर्जेचे परवाने तेल आणि वायूच्या परवान्यांशी बांधून टाकल्यामुळे त्यांच्यातीलच काहींनी तक्रारही केली होती. पुढे १ जुलै २०२५ रोजी त्याच सिनेटने नव्या कर कायद्याद्वारे त्यातील अनेक सवलती कापल्या, तेव्हाही मतांचे गणित ५१ विरुद्ध ५० असेच होते. या वेळी निर्णायक मत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे होते. एका मताने आलेल्या अनेक सवलती एका मताने गेल्या. लोकमत उलटले असे म्हणण्यापेक्षा ते मुळातच दुभंगलेले होते आणि सत्ता एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे गेली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तरीही आपल्या प्रश्नात तथ्य आहे, कारण कागदावर लाभ होत असतानाही लोक विरोध करतात, याची उदाहरणे इतर देशांत सापडतात. कॅनडामध्ये २०१९ पासून इंधनावर कार्बन शुल्क आकारले जात होते आणि त्यातील बहुतांश रक्कम कुटुंबांना परत दिली जात होती. शुल्क भरले त्यापेक्षा मिळालेली परतफेड बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत जास्त होती. तथापि शुल्क प्रत्येक वेळी पेट्रोल पंपावर दिसत होते आणि परतफेड मात्र दर तीन महिन्यांनी निमूटपणे बँकेत जमा होत होती. दिसणाऱ्या खर्चाचा राग न दिसणाऱ्या लाभापेक्षा मोठा ठरला आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील ते शुल्क बंद करावे लागले. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ मध्ये सुरू झालेली कार्बन किंमत (उत्सर्जनाच्या प्रत्येक टनामागे उद्योगांनी भरायची रक्कम) जुलै २०१४ मध्येच रद्द झाली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘पिवळ्या जाकिटां’चे जे आंदोलन पेटले, ते डिझेलवरील प्रस्तावित करवाढीमुळे. शहराबाहेर राहणाऱ्या आणि मोटारीवाचून कामावर जाऊ न शकणाऱ्या माणसांना ती वाढ आपल्यावरच पडते आहे असे वाटले आणि सरकारने ती डिसेंबरातच मागे घेतली.

या सर्वांत मला सर्वाधिक शिकवणारे उदाहरण स्वित्झर्लंडचे वाटते, कारण तेथे लोकांना थेट मत देता येते. १३ जून २०२१ रोजी पेट्रोलवरील अधिभाराची मर्यादा वाढवणारा आणि विमानाच्या तिकिटांवर शुल्क लावणारा कायदा ५१.६ टक्के मतदारांनी नाकारला. दोन वर्षांनी, १८ जून २०२३ रोजी, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे वायू सोडले तेवढे शोषून घेण्याचे) उद्दिष्ट ठरवणारा कायदा ५९.१ टक्के मतांनी मान्य झाला. मतदार तेच होते आणि पर्वतांवरील हिमनद्या दोन्ही वेळी वितळतच होत्या. फरक इतकाच, की दुसऱ्या कायद्यात नवा कर नव्हता आणि घरातील जुनी तेलाची किंवा वायूची तापयंत्रणा बदलणाऱ्यांसाठी १० वर्षांत २०० कोटी फ्रँकचे साहाय्य होते. यावरून लोक हवामानाच्या विरोधात असतात असे अनुमान काढणाऱ्यांचे मला नेहमीच आश्चर्य वाटते. खर्च कोणाच्या माथी मारला जातो, हे लोक पाहतात.

प्रश्न : आपल्या देशात असा कायदा आहे का? असल्यास कृष्णाकाठच्या आम्हा ऊस उत्पादकांना दर काही वर्षांनी येणाऱ्या महापुरापासून त्याचा काही उपयोग होईल का?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

हवामान बदल हाच विषय असलेला एक सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. संसदेने जे केले त्यात सर्वांत जवळचा म्हणजे ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायदा, २०२२. लोकसभेने तो ८ ऑगस्ट २०२२ रोजी आणि राज्यसभेने १२ डिसेंबर २०२२ रोजी मंजूर केला. उद्योगांना ठरावीक प्रमाणात बिगरजीवाश्म ऊर्जा वापरण्यास भाग पाडण्याचा आणि कार्बन क्रेडिटचा (उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा) व्यापार सुरू करण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र सरकारला मिळाला. अमेरिकेच्या कायद्यावर आपल्याकडील वृत्तपत्रांनी जेवढे लिहिले तेवढे या कायद्यावर लिहिलेले मला तरी दिसले नाही, आणि गावात तर त्याची फारशी वार्ताही पोहोचली नाही. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माळढोक पक्ष्याच्या अधिवासातील वीजवाहिन्यांच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत आहे असे म्हटले. परंतु त्या अधिकाराला अंमलबजावणीची यंत्रणा अद्याप मिळालेली नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. उत्सर्जन कमी करणारा कायदा उद्याच्या पिढ्यांच्या तापमानाशी संबंधित असतो. कृष्णेवरील कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेल्यावर आपल्या शेतात किती दिवस पाणी थांबेल, हे कोयना आणि राधानगरीतून होणारा विसर्ग, अलमट्टीतील पाण्याची पातळी आणि दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात पडणारा पाऊस यांवर अवलंबून असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हे आपण अनुभवले आहे. पुरानंतरची मदत मिळते ती आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खालील निधीतून. त्या निधीचा २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचा केंद्राचा निकष बागायती पिकासाठी हेक्टरी १७,००० रुपये आणि तेही जास्तीत जास्त २ हेक्टरांपुरते, असा आहे; राज्य सरकारने स्वतःची भर घातली तर ती वेगळी. म्हणजे एकरी सात हजार रुपयेही होत नाहीत. एकरी ४० टन उतारा आणि टनाला ३,३०० रुपये दर धरला, तर बुडालेल्या उसाची किंमत १,३२,००० रुपये होते. हवामान बदलाविषयी आपल्या भागातील माणसाला प्रतिक्रिया द्यायची असेल तर या दोन आकड्यांमधील अंतराविषयी द्यावी, असे माझे मत आहे. ते अंतर कमी करण्याचा कायदा किंवा नियम कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कार्बन क्रेडिटच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज आणि मळीपासून इथेनॉल तयार करणारे साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात अनेक आहेत. अशा उत्पादनातून उद्या कारखान्याला क्रेडिटचे उत्पन्न झाले, तर त्यात ऊस पुरवणाऱ्याचा वाटा असावा असे एफआरपीच्या (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) सूत्रात आज कोठेही लिहिलेले नाही. हा प्रश्न क्रेडिट विकले गेल्यानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारलेला बरा.

प्रश्न : अशा कायद्यांमुळे घरगुती विजेचे बिल वाढेल का?
— एक गृहिणी, निपाणी

२०२२ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने घरगुती बिलावर कोणताही कर लावलेला नाही. आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या हेस्कॉम कंपनीचा दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी ग्राहकांच्या हरकती मागवतो, जाहीर सुनावणीही घेतो. राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेखाली आपले बिल शून्य येत असेल तर दरवाढ आपल्याला जाणवणारही नाही. मात्र त्याच कारणामुळे छतावर सौर पॅनेल बसवण्याची निकड कोणाला वाटत नाही, ही त्या योजनेची एक न बोलली जाणारी बाजू आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, परंतु शून्य बिल येणाऱ्या घराला त्याचा हिशेब जुळत नाही.

प्रश्न : कायद्याचे मसुदे इंग्रजी आणि हिंदीत येतात, राज्याची सूचनापत्रे कन्नडमध्ये असतात. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना यांपैकी काहीच नीट वाचता येत नाही. मग जनतेचे मत मागवले असे सरकार कशाच्या आधारावर म्हणते?
— पदवीची विद्यार्थिनी, खानापूर

आपला प्रश्न या स्तंभातील सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मंजुरीपूर्वी तपासण्याच्या) अधिसूचनेचा नवा मसुदा प्रसिद्ध केला, तोही केवळ इंग्रजी आणि हिंदीत, आणि टाळेबंदीच्या काळात. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकती पाठवण्याची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये उपलब्ध करण्यास सांगितले; मराठी त्यांपैकी एक आहे. कर्नाटक उच्च न्यायालयापुढेही हाच भाषेचा आणि प्रसिद्धीचा मुद्दा आला होता. देशभरातून लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या आणि तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. विधेयक मंजूर झाल्यानंतर रस्त्यावर उतरण्यापेक्षा मसुदा खुला असताना लिहिलेले पत्र किती जड ठरू शकते, याचे एवढे मोठे उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

याउलट घडल्याचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर चित्र एकांगी होईल. वन (संवर्धन) कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीवर संसदेच्या संयुक्त समितीकडे १,३०९ निवेदने आली, त्यांत गंभीर आक्षेप होते. तरीही समितीने विधेयकात एकही बदल सुचवला नाही आणि ऑगस्टच्या प्रारंभी ते राज्यसभेतही मंजूर झाले. भीमगड अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्या खानापूरकरांच्या दृष्टीने हा कायदा अमेरिकेच्या कोणत्याही कायद्यापेक्षा जवळचा होता, आणि त्यावर आपल्या तालुक्यात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता भाषेविषयी. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. निवेदन मराठीत आहे एवढ्याच कारणावरून ते परत करता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र हा अनुच्छेद देत नाही. २००६ च्या पर्यावरणीय मूल्यांकन अधिसूचनेत प्रकल्पाच्या जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना देण्याची आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत देण्याची तरतूद आहे. ‘किंवा’ या शब्दामुळे खानापुरात आणि निपाणीत केवळ कन्नड सारांश देऊन नियम पाळल्याचे दाखवता येते. म्हणून सुनावणीची सूचना निघाल्याबरोबर ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे मराठी सारांशाची लेखी मागणी करावी. ही मागणी कन्नडच्या विरोधात नाही. तसे भासवणाऱ्यांना, दोन्ही बाजूंच्या, या कामात जागा देऊ नये, कारण महापुराचे पाणी शिरते तेव्हा मराठी घर आणि कन्नड घर असा भेद ते करत नाही आणि दोघांचेही पंचनामे एकाच नमुन्यात होतात.

प्रश्न : दरवर्षी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते. तेथे हवामानावर कायदा करण्याची मागणी करता येईल का, की हा केंद्राचाच विषय आहे?
— एक वाचक, शहापूर

मागणी अवश्य करता येईल. शेती हा राज्यसूचीतील विषय आहे, पाणीही आंतरराज्य नद्यांबाबतच्या केंद्राच्या अधिकाराच्या अधीन राहून तेथेच येते, तर वने आणि वीज समवर्ती सूचीत आहेत. आंतरराष्ट्रीय करारांची पूर्तता करणारा कायदा अनुच्छेद २५३ खाली संसदच करू शकते. परंतु पूरग्रस्त उसाच्या भरपाईत राज्याची भर घालणे, पूररेषेतील बांधकामांवर निर्बंध घालणे किंवा हवामान कृती आराखड्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक करणे, यांसाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

मागणी नेमकी असावी, एवढे मात्र सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर येथे ऊस उत्पादकांनी टनाला ३,५०० रुपये ही एकच मागणी लावून धरली आणि सरकारला ३,३०० रुपयांचा दर जाहीर करावा लागला. ‘हवामान वाचवा’ असा फलक घेऊन अधिवेशनाबाहेर उभे राहणाऱ्यांना मंत्री निवेदन स्वीकारून निरोप देतील. हेक्टरी १७,००० या आकड्यात राज्याची भर घाला आणि पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला त्याच दिवशी द्या, असे लिहून आणणाऱ्यांना मात्र उत्तर द्यावे लागेल. निवेदन आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी द्यावे. सभागृहात प्रश्न विचारायचा असेल तर त्याची सूचना सदस्याला आगाऊ द्यावी लागते, आणि डिसेंबरात सौधाबाहेर दिलेले निवेदन त्या अधिवेशनाच्या कामकाजात क्वचितच येते.