डोंगराजवळचं कॉलेज निवडताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर भूशास्त्रच घ्यायचं म्हणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. हा विषय शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. डेहराडून की पुणे, असं विचारलं आहेस. तिकडे हिमालय आहे, तेव्हा ओढ वाटणारच. डोंगर बघून कॉलेज निवडणं हा पोरखेळ आहे असं घरी म्हणत असतील, तर मला ते पटत नाही. तुझ्या विषयात डोंगर हाच अर्धा वर्ग असतो. पण डोंगर केवढा, याआधी आठवड्यातून किती वेळा तुझे पाय त्याला लागणार, ते बघ.

बी.एस्सी.चा आठवडा कसा जातो ते सांगतो. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री जर्नल, वर ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार. त्यातून उरतात पहाटेचे दोन तास आणि एखादा रविवार. त्या दोन तासांत जो डोंगर बसतो, तो तुझा.

पुण्यात तो बसतो. फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी आहे, लॉ कॉलेजच्या मागून वेताळ टेकडीवर जाता येतं. सहाला निघालीस तर आठच्या आत खाली. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे शहरापासून दोन-अडीचशे मीटरचीच चढण. उंचीने फार नाही, पण तिथला दगड नीट बघ. काळा बेसाल्ट, आणि त्यात ठिकठिकाणी मुगाएवढी, वाटाण्याएवढी भोकं. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काही रिकामे राहिले, काहींत पुढे पाण्याबरोबर खनिजं येऊन साचली. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यातला पांढरा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा चमकतो. तो झिओलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेलं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत गेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा पहिल्या लेक्चरच्या आधी हाताळायला मिळतो, ही चैन मला फार मोठी वाटते. याच टेकड्यांवर फिरताना दामोदर धर्मानंद कोसंबींना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं सापडली होती. ते मूळचे गणिती, पण टेकडी घराजवळ होती आणि नजर खाली दगडांवर असायची.

रविवार मिळाला की सिंहगड. शहरापासून तीसेक किलोमीटर, पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते. चढताना उभा कडा आणि सौम्य उतार आळीपाळीने येतात, ते लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा पोटऱ्यांना ते लवकर कळतं. लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरलीस की भाजे गावातून लोहगड-विसापूर. राजगड-तोरण्याला मात्र पूर्ण दिवस ठेव आणि परतीची एसटी आधी विचारून घे.

आता एक घरचाच अनुभव. माझ्या पुतणीने माहितीपत्रकावरचा हिरवा डोंगर बघून गावाबाहेरचं एक कॉलेज घेतलं. डोंगर होता, पण कुंपणापलीकडे, आणि तिकडे जायला वाट नव्हती. ट्रेकिंग क्लब कागदावर. हॉस्टेलचं फाटक सकाळी सातला उघडायचं आणि संध्याकाळी सातला बंद. तीन वर्षांत तिचे चार ट्रेक झाले, तेही सुट्टीत घरी आल्यावर. तिचा हिरमुसलेला चेहरा आठवला की आजही वाईट वाटतं, कारण मीसुद्धा ते फाटक विचारायला विसरलो होतो.

म्हणून प्रवेशाआधी फाटकाची वेळ विचार. विभागाच्या अभ्याससहली वर्षातून किती होतात, हे प्राध्यापकांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. त्या खरं सांगतील. आणि विषय शिकवणारी माणसं चांगली नसतील तर दारात कळसूबाई असली तरी तिथे जाऊ नकोस.

डेहराडून सुटलं असं समजू नकोस. तिथली वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्था मोठी आहे, पण तिचा खरा उपयोग एम.एस्सी.नंतर, संशोधनाला. बर्फच हवा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक कोर्स चार आठवड्यांचा असतो, तो एखाद्या उन्हाळी सुट्टीत कर. त्याआधी सिंहगड न थांबता चढण्याइतका दम कमाव.

एवढं मात्र कडक सांगतो. टेकडीवर पहाटे एकटी जायचं नाही, कानात इअरफोन घालायचे नाहीत. पावसाळ्यात धबधब्याच्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही. कुठे निघालीस ते एका माणसाला सांगून जायचं, बॅटरी दिवसाच्या ट्रेकलाही सोबत ठेवायची.

निर्णय घेण्याआधी बाबांना घेऊन एकदा ये. रविवारी नको, मधल्या वारी ये, म्हणजे गर्दी आणि वेळापत्रक दोन्ही खरं दिसेल. पावणेसहाला फर्ग्युसन रस्त्यावर भेटू. बूट जुने घाल, वरची माती चिकट आहे. भिंग मी आणतो.

तुझा,
सर