भाऊजी गप्प झाले, तेव्हा

"ताई, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. धाकटे दीर वीस वर्षं रोज पिणारे. अक्षय तृतीयेला सासूबाईंच्या पायावर हात ठेवून त्यांनी दारू सोडली. दोन दिवस हात थरथरत होते, डोळ्याला डोळा नव्हता. तिसऱ्या रात्री भिंतीवर पाली आल्यात म्हणून ओरडू लागले, चादरीवरून मुंग्या वेचू लागले, मला ओळखेनात. घामाने निथळत होते, अंग तव्यासारखं. गच्चीकडे धावले तेव्हा गल्लीतल्या चौघांनी त्यांना खाटेवर पालथं पाडलं, पाठीवर गुडघे रोवले, माझ्याच साडीने हात बांधले. 'जीव गुदमरतोय' म्हणत होते. मग एकदम शांत झाले. 'निजले एकदाचे,' असं सगळे म्हणाले. माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला ओठ निळे दिसले, त्याने त्यांना वळवलं आणि रिक्षात घालून अस्पताल गाठलं. नऊ दिवसांनी भाऊजी घरी आले, पण आमच्याकडे बघत नाहीत. सासूबाई म्हणतात देवाचा कोप, शेजारी म्हणतात वेड लागलं. आमचं काय चुकलं? आणि पुन्हा झालं तर?"

वहिनी, सासूबाईंना आधी सांगा की देवाने काही केलेलं नाही. वीस वर्षं रोजची गुंगी सोसताना मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. गुंगी एकाएकी काढून घेतली की तो जोर उधळतो. आधी थरथर, घाम, झोप उडणं. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके. आणि शेवटच्या पेल्यानंतर दोन ते चार दिवसांत हे भान हरपणं. पाली-मुंग्या दिसणं ही तर त्याची ठरलेली खूण. दारू सोडली हे चांगलंच केलं. रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांना न विचारता एका रात्रीत सोडली, हे जिवावरचं होतं. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन तीच दारू सुखरूप सोडवता येते.

चुकलं ते खाटेवर. इतकी झटापट करणाऱ्याच्या रक्तात आम्ल साठतं, आणि ते उतरवायला त्याला धापा टाकाव्याच लागतात. पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला की छाती फुलत नाही, धाप अडते. वर वैशाखातलं ग्वाल्हेर, आधीच तापलेलं अंग. अशात हृदय थांबू शकतं. ओरडतोय म्हणजे श्वास पुरेसा चालू आहे, अशी समजूत असते. ती खोटी आहे. 'गुदमरतोय' हा शब्द आला की पाठीवरचा भार त्या क्षणी काढायचा. आणि धडपडणारा माणूस अचानक गप्प झाला तर तो निजलेला नसतो. त्या रात्रीची सगळ्यात वाईट घटका तीच होती, जिला सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पुन्हा झालं तर पहिला फोन १०८ ला. 'दारुड्याने धिंगाणा घातलाय' म्हणू नका. 'माणूस भ्रमात आहे, अंग तापलंय, घरच्यांना ओळखत नाही' असं सांगा. गाडी गल्लीत शिरणार नसेल तर एकाला तोंडाशी उभं करा. गर्दी हटवा, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना सर्वांत आधी. बोलणारा एकच, त्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे तो, दोन हात लांब राहून: "भाऊजी, मी आहे. कुणी मारणार नाही. पंखा लावते." एवढंच, हळू, पुन्हा पुन्हा. पाली नाहीतच म्हणून वाद घालू नका, आहेत असंही म्हणू नका. सुरी, बत्ता, काचेच्या वस्तू उचला, गच्चीला कडी लावा. जवळ येऊ दिलं तर अंगावर ओला पंचा ठेवा. तोंडात पाणी ओतणं नको, झोपेची गोळी नको, 'थोडी पाजा, उतरेल' तर मुळीच नको.

गच्चीवरून पडतील असाच प्रसंग आला तर धरावं लागेल. मग हातपाय धरा, कुशीवर ठेवा, तेवढ्यापुरतंच. मान, छाती, पाठ यांवर भार नाही, आणि एकाने फक्त चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघत राहायचं. श्वास थांबला तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

अशा वेळी लोक सरळ मानसिक आरोग्यशाळेचा रस्ता धरतात. आधी जयारोग्यसारख्या मोठ्या अस्पतालची कॅज्युअल्टी गाठा, कारण धोका शरीराला असतो. शेवटचा पेला कधी, रोज किती, गोळ्या कोणत्या, हे सांगा. रक्तातली साखर तपासायला सांगा. माझे काका मधुमेही. एकदा साखर उतरली, घाम फुटला, शिव्या देऊ लागले, आणि बसस्टँडवर लोकांनी दारुडा समजून त्यांना मारलं. ग्लुकोज शिरेत गेलं आणि थोड्याच वेळात ते विचारत होते, "माझी पिशवी कुठंय?" डोक्याला मार, मेंदूत गेलेला ताप, उष्माघात, नशेची पावडर, मानसिक आजार, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. कारण घरात बसून ठरवू नका.

शेजाऱ्यांना एवढं सांगा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूमुळे होणारा मानसिक त्रास आजारातच धरला आहे, आणि आजारी माणसाला साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे. भाऊजी पुन्हा प्यायला लागलेच तर शपथा घालू नका, डॉक्टरांकडे न्या. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

भाऊजींजवळ एकट्या जाऊन बसा. अशा भ्रमातलं तुटक आठवतं. पाली विसरले असतील, पाठीवरचा गुडघा नाही. "तुम्ही गुदमरतोय म्हणत होतात आणि आम्ही ऐकलं नाही," एवढं म्हणा. 'तुमच्या भल्यासाठीच' हे त्याला जोडू नका.

आणि तुमचा मुलगा. एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे. त्या गर्दीत ओठांकडे बघणारा तो एकटाच होता. काका त्याच्यामुळे वाचले, हे त्याला कुणी सांगितलंय का? आज रात्री पानं मांडाल तेव्हा भाऊजींच्या समोर सांगा.