महिरपी कंस का छापले जातात?

लातूरहून बीसीएच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीचं पत्र आलंय. वडील मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. त्यांच्यासाठी ती गो भाषेत आवकीच्या नोंदींचा प्रोग्राम लिहितेय. "स्ट्रिंग मेथड लिहिली, तरी महिरपी कंसात नुसते आकडे छापले जातात. मैत्रिणी म्हणतात, इंटरफेसची व्याख्या पाठ कर, मुलाखतीला तेवढं पुरतं. पुण्याला क्लास लावू का?" सोबत कोडही आहे.

आधी कंसांचं बघू. मेथड म्हणजे माहितीच्या एखाद्या प्रकाराला (टाइपला) जोडलेलं फंक्शन. ती तू पॉइंटरवर, म्हणजे नोंदीच्या मेमरीतल्या पत्त्यावर लिहिलीस आणि छापायला दिलीस साधी व्हॅल्यू, म्हणजे खुद्द नोंद. पॉइंटरवरची मेथड व्हॅल्यूच्या नावावर धरत नाहीत, त्यामुळे गोमध्ये छपाईचं काम करणाऱ्या एफएमटी पॅकेजला ती सापडली नाही. मेथड व्हॅल्यूवर लिही, कंस जातील.

पण कंस गेले म्हणून लगेच पुढं पळू नकोस. एफएमटी लिहिणाऱ्यांना तुझी आवक ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी एकच अट घातली: स्ट्रिंग नावाची, मजकूर परत देणारी मेथड हवी. या अटीचं नाव स्ट्रिंगर, आणि इंटरफेस म्हणजे अशी अट. गोमध्ये ती पाळतो असं वेगळं लिहूनही द्यावं लागत नाही, मेथड असली की झालं. जावा भाषेतली टूस्ट्रिंग मेथड याच कुळातली. ती लिहिली नाही तर क्लासचं नाव, ॲटचं चिन्ह आणि एक अगम्य आकडा छापला जातो.

आता वजनाचा वेगळा टाइप कर. आत किलोच ठेव, छापताना 1250 चे '12 क्विंटल 50 किलो' होऊ दे. मग शेतकऱ्याची पट्टी असो की दिवसाची बेरीज, वजन सगळीकडं सारखंच दिसेल. फक्त त्या मेथडच्या आत तेच वजन पुन्हा टक्का-व्ही (%v, 'नेहमीच्या रूपात छाप' ही खूण) लावून स्प्रिंटएफला, म्हणजे एफएमटीच्या मजकूर तयार करणाऱ्या फंक्शनला देऊ नकोस. मेथड स्वतःलाच बोलावत राहते आणि प्रोग्राम कोसळतो. आधी साध्या पूर्णांकात बदलून घे.

क्लास आत्ता नको. फी, खोलीभाडं, मेस असा खर्च घरावर टाकण्याइतकं तुझं काही अडलेलं नाही. व्याख्या पाठ असलेली मुलं मला रोज भेटतात, स्वतःच्या कोडमधली चूक कारणासकट सांगणारी क्वचित. प्रोग्राम गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाक. वडिलांना आठवडाभर खऱ्या नोंदी करू दे, ते काढतील त्या चुका तारखेसह लिहून ठेव. इंटर्नशिपच्या अर्जाला हीच वही आणि हाच कोड जोड.

वजनाचा टाइप झाला की पाठव, मी वाचेन.