जुन्या सॉफ्टवेअरचा आयकॉन जुनाट दिसतो. तो बदलावा का?

पुन्हा रेखाटावा, पण नवाच आणू नये.

रेखाटण्याची गरज खरी आहे. १६ किंवा ३२ पिक्सेलसाठी काढलेलं चित्र आजच्या स्क्रीनवर ताणलं की फाटतं. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) तर फोनच आयकॉनला हवा तसा कापतो, मग जुनं चित्र पांढऱ्या चकतीत कोंबल्यासारखं दिसतं. एवढं काम टाळून चालणार नाही.

नवाच आयकॉन आणला की मात्र पंचाईत. वेंगुर्ल्यात आमच्याकडून कॉम्प्युटर घेतलेल्या एका काजू कारखान्यातल्या काकू प्रोग्रॅमचं नाव वाचतच नाहीत. निळा चौकोन दिसला की डबल क्लिक. अपडेटनंतर तो हिरवा गोल झाला, आणि लगेच दुकानात फोन: "अरे, माझा सगळा हिशेब गेला रे!" हिशेब जागेवरच होता. २०२० मध्ये गूगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह सगळ्यांना तेच चार रंग दिले. दिसायला छान, पण टॅबच्या रांगेत मला अजून पटकन ओळखू येत नाहीत.

चित्राचा अर्थ कालबाह्य झाला, हे कारण मला पटत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या नारिंगी शंकूचा व्हिडिओशी काय संबंध? तरी तोच शोधतो आपण.

पावसाळी मासेमारीबंदीत मालवणच्या होड्यांना नवा रंग चढतो, नाव-नंबर तोच राहतो, तसं करा. मुख्य रंग आणि बाह्याकार ठेवा, चकाकी आणि सावल्या काढा, १६ पिक्सेलवर ओळखू येतो का ते तपासा. आणि हा बदल मोठ्या आवृत्तीबरोबर करा, मधल्याच किरकोळ अपडेटमध्ये गुपचूप नको.