दोन्ही हात चालत नसलेल्या मुलाला सायकल चालवता येईल का?

ताई, नक्की येईल. तुम्ही लिहिलंय की साताऱ्यातल्या तुमच्या भाच्याच्या दोन्ही हातांची ताकद अपघातात गेली, पण पाय आणि कंबर ठणठणीत आहे. मी सांगलीजवळ कुपवाडला फॅब्रिकेशन करतो आणि दिव्यांगांच्या गाड्यांचं काम जिव्हाळ्याने करतो. सरकारी योजनेतली तीनचाकी घेऊ नका, ती बहुतेक हाताने फिरवायची असते.

गाडी बुटकी तीनचाकी करा: पुढे दोन चाकं, मागे एक, बसायला पाठ टेकणारी खुर्ची, पायडल समोर. मागचं चाक साध्या सायकलसारखं राहतं, त्यामुळे उलटं पायडल दाबलं की लागणारा कोस्टर ब्रेक त्यात बसतो. पण एवढ्यावरच भिस्त नको. चेन उतरली की हा ब्रेक गेलाच! म्हणून पुढच्या चाकांना वेगळा ब्रेक हवाच. त्याचं लिव्हर मांडीच्या बाहेरच्या बाजूला बसवा, पाय बाहेर रेटला की लागेल असं. दोन्ही चाकांच्या केबलला ताण सारखा हवा, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते.

वळवायचं काम खांद्यांनी. पाठीमागे गादी लावलेली कमान, ती बेअरिंगवर फिरणारी, आणि तिथून दांडा पुढच्या चाकांच्या टाय रॉडला, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या आडव्या दांड्याला. खरी मेहनत इथेच आहे. जोरात पायडल मारताना अंग डावी-उजवीकडे हलतं आणि गाडी नागमोडी जाऊ लागते. म्हणून कंबर खुर्चीत घट्ट बसली पाहिजे, अंग बरंच झुकलं तरी चाक थोडंच वळावं असं प्रमाण धरायचं, आणि चाकं सरळ आणणारी स्प्रिंग टाकायची.

हात मात्र लोंबते ठेवू नका. संवेदना नसेल तर बोटं चाकात गेलेली त्याला कळणारही नाहीत. अंगाशी झोळीत घ्या, ओढताच सुटणाऱ्या वेल्क्रोने.

सांगलीत सपाटी आहे, साताऱ्यात चढ. स्टर्मी-आर्चर कंपनीचा दोन गिअरचा हब (मागच्या चाकाचा मधला भाग) मिळाला तर बघा: पायडल किंचित मागे ढकललं की गिअर बदलतो, मागे जोरात दाबलं की ब्रेक. तरी यवतेश्वरचा घाट त्यावर उतरू देऊ नका, लांब उतारावर हब तापतो.

भाच्याची बसल्यावरची उंची, खांद्यांची रुंदी आणि कमरेपासून टाचेपर्यंतचं माप इथे लिहा. खांदे किती हलतात तेही सांगा, त्यावरच कमानीचा आकार ठरेल.